सतरा नंबरची पुंगळी

२४ ऑक्टोबर, गुरुवार

एकसष्ट झाल्या. मालखान्यात पाय ठेवायला जागा नाही. कपाटाला टेकून, खिडकीत, जप्तीच्या मोहाच्या दारूच्या डब्यांवर — बंदुकाच बंदुका.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. पिकाच्या राखणीसाठी सरकारनंच दिलेल्या, आणि सरकारच परत मागतं. कधी? तर धान लोंबीवर आल्यावर! डुकरांना आचारसंहिता लागू नाही हे वर कोणी कळवत नाही. शिव्या मात्र मी खायच्या. एक जण म्हणाला, "मॅडम, आता तुमीच या राखणीले."

प्रत्येक बंदुकीला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, तोच नंबर रजिस्टरात. पुढे नाव, गाव, बंदुकीवर कोरलेला कारखान्याचा आकडा. एकवीस वर्षं नोकरी झाली, अकरा वर्षं मालखाना माझ्याकडे. रजिस्टरात एक खाडाखोड दाखवा म्हणावं कोणी. साहेब साताऱ्याकडचे, कोणाचं सहसा कौतुक करत नाहीत. तेही म्हणतात, "बिसेनबाईंचं रजिस्टर म्हणजे दगडावरची रेघ."

सतरा नंबर तलावापलीकडच्या टोलीतल्या, त्या लहानशा वस्तीतल्या टिकारामची. अठरा माझ्या भाऊची, भोजराजची. स्वतः घेऊन आला, टेबलावर ठेवली, चहासुद्धा घेतला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

नको ते करून बसले.

टिकाराम क्वार्टरवर आला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, दम्यानं छाती भात्यासारखी वाजते. उंबऱ्यावरच बसला. "बाई, काल सात डुकरं शिरले. धानाची अर्धी बांधी लोळवली. टिनाचा डब्बा वाजवून वाजवून हात सुजला. आता ते डब्ब्याले भेत नाई." मग म्हणाला, "आठ-दहा दिवसांसाठी दे. कापनी झाली का आणून देतो. मान कापली तरी तुहं नाव नाई निंगणार."

नाही म्हणणार होते. पण त्याचा तो सुजलेला हात बघितला. पोत्यात गुंडाळून सायकलच्या दांड्याला बांधून दिली. रजिस्टरात अर्थात काही नाही. रजिस्टरात सतरा नंबर मालखान्यातच आहे.

हा रोग मला भाऊनं लावला. पहिल्यांदा दिली ती त्याला. अशीच, दोन रातींसाठी. कोणती निवडणूक होती आता आठवत नाही, निवडणुका काय कमी होतात? त्यानंतर अजून दोघांना दिली. कधी काही बिघडलं नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळी. ड्युटी. बाकी काही नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

बाजाराचा दिवस, म्हणजे रुख्मा येणारच. आली. कडुलिंबाखाली बसली, टोपली बाजूला. मी बाहेर गेले की नेहमीचंच विचारते, "लागलं का काई?" मी म्हणते, चालू आहे. काहीच चालू नाही. तिलाही ठाऊक आहे, तरी दर सोमवारी मासे विकून झाले की येते.

या सत्तावीस तारखेला दोन वर्षं होतील. तिचा नवरा कैलाश तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मेलेला सापडला. जाळं पाण्यात तसंच. छातीत छर्रे. जवळ बारा बोअरच्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी, बस. संशय वीस जणांवर, पुरावा कोणावरच नाही. वर्षभरानं फाईल बंद झाली. ती पुंगळी प्रयोगशाळेत पडून होती.

आज परिपत्रक आलं आणि तीच पुंगळी डोळ्यांपुढे आली. जमा झालेली प्रत्येक बंदूक यंदा दोनदा उडवून बघायची. पुंगळ्या प्रयोगशाळेत जाणार. तिथल्या यंत्रात पुंगळीच्या बुडाचा फोटो काढून साठवतात. बंदुकीतली सुई काडतुसाच्या टोपीवर आपटून जी खूण उमटते ती प्रत्येक बंदुकीची वेगळी, आपल्या अंगठ्यासारखी. जुन्या गुन्ह्यांतल्या पुंगळ्यांचे फोटोही त्यात घातलेत. नवा फोटो घातला की जुन्याशी ताडून बघतं.

रुख्माला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. आशा लावून काय करायचं?

प्रयोगशाळेचं पथक शुक्रवारी येणार. टिकारामला निरोप धाडला — गुरुवारी सकाळी बंदूक हजर पाहिजे.

६ नोव्हेंबर, बुधवार

आजच आले! दोन दिवस आधी. आमगावचं काम लवकर उरकलं म्हणे.

सकाळी साडेदहाला गाडी अंगणात. नागपूरच्या रीता मॅडम, दोन शिपाई, कापूस ठासलेली लांबलचक लाकडी पेटी. पेटीत गोळी झाडायची, पुंगळी पाकिटात टाकायची. मॅडम तिशीच्या असतील, बोलायला गोड, कामाला कडक. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही नंबर वाचा, बंदूक द्या. आम्ही उडवतो. पाकिटावर नंबर तुमच्याच हातचा."

सतरा नंबर टोलीवर, धानाच्या बांधीत. येऊन-जाऊन दोन तासांचा रस्ता. एकसष्टच्या जागी साठ निघाल्या तर आचारसंहितेत बंदूक बाहेर सोडली म्हणून आधी मी घरी, मग टिकाराम आत.

बंदुकीवरचा आकडा कोणी बघत नव्हतं. मी रजिस्टर वाचायचे, ते मान हलवायचे. सोळा झाली. मी म्हटलं सतरा, टिकाराम — आणि अठरा नंबरची चिठ्ठी सोडून ती बंदूक पुढे केली. अठराच का? एक तर तीही एकनळी, त्याच कारखान्याची. आणि खरं सांगायचं तर परक्याच्या वस्तूला असं वापरण्यापेक्षा घरची बरी, असा विचार आला. भाऊची आहे, काही झालं तर भाऊ बोलणार नाही.

दोन बार झाले. आत आणली, चिठ्ठी बांधली, परत बाहेर नेली. अठरा, भोजराज. शिपायानं हातात घेतली नि म्हणाला, "मॅडम, नली तो गरम है." मी म्हटलं, दारातून ऊन येतं तिच्यावर. तो हसला. बासष्टावा कप चहा पुढे आल्यासारखा कंटाळला होता बिचारा.

जाताना मॅडमना सहज विचारलं, यंत्र चुकत नाही का? म्हणाल्या, "यंत्र फक्त जवळची नावं काढून देतं, शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मीच बघते. पण पाकिटावर जे नाव असेल तेच पुढे जातं. ते आमच्या हातात नाही ताई, तुमच्या हातात आहे."

रजिस्टरात खाडाखोड नाही. अजूनही नाही.

७ नोव्हेंबर

टिकारामनं बंदूक आणली. सोबत फडक्यात शिंगाडे. डुक्कर पडलं का विचारलं. "नाई बाई, बंदुकीच्या बाराच्या आवाजानंच बांधीतून पराले." कालचं त्याला सांगितलं नाही. सतरा नंबरची चिठ्ठी सतरा नंबरला बांधली. सुटले.

शिंगाडे गोड आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

चिंचटोल्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. माहेरची मंडई चुकवायची नाही, मग साहेब काही म्हणोत. भाऊकडे जेवले. वहिनीनं मासोळी केली होती. भाऊनं घेतली नाही. म्हणाला, सोडली. केव्हापासून? "झाले दोनेक वर्षं." माळकरी झालाय की काय, म्हणून मी चेष्टा केली. हसला नाही.

जत्रेत फिरताना तलावाच्या पाळीवरून चल म्हटलं, जवळ पडतं. तर हा शेतांतून वळसा घालून निघाला. पाळीवर गाळ आहे म्हणे. गाळ कसला, लोक जत्रेला पाळीवरूनच येत होते.

भाऊ बदललाय. वय झालं. माझे मिस्टर गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, सासरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेली. यानं मला पोलीस भरतीसाठी पळायला शिकवलं. रोज पहाटे तलावाच्या त्याच पाळीवर. हा सायकलवर पुढे, मी चपला हातात घेऊन मागे. लोक हसायचे. तो म्हणायचा, "हासू दे. तू माह्या चाकाकडे पाय." मी आज जी आहे ती त्याच्या चाकाकडे बघत पळाले म्हणून आहे.

२० नोव्हेंबर

मतदान. अठरा तास उभी. पाय सुजले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळ्या बंदुका परत गेल्या. मालखाना पुन्हा मोकळा. झाडून घेतला, कोपऱ्यात घुशीनं बीळ केलंय.

३ डिसेंबर, मंगळवार

जुळलं.

दुपारी साहेबांनी आत बोलावलं. चेहरा फुललेला. "बाई, आपला कैलाशचा गुन्हा उघडला! पाळीवरची पुंगळी आणि आपल्या सतरा नंबरची — एकच बंदूक. जिल्ह्यात पहिली केस."

मी न विचारताच समोरच्या खुर्चीत बसले. त्यांना वाटलं आनंदानं.

सतरा म्हणजे टिकाराम. कागदावर. पण सतराच्या पाकिटात टिकारामची पुंगळी नाही. भाऊच्या बंदुकीची आहे.

संध्याकाळी रीता मॅडमचा फोन. "ताई, यादीत पहिला सतरा आहे, दुसरा अठरा. दोन वेगळ्या बंदुका इतक्या जवळ येत नाहीत कधी. काही घोळ तर नाही झाला?" मी म्हटलं, एकाच कारखान्याच्या आहेत. म्हणाल्या, "तरी नाही येत. असो, बंदूक पाठवा, समोर ठेवून बघते."

हीच वेळ होती बोलायची. पाठवते म्हटलं आणि फोन ठेवला.

४ डिसेंबर, बुधवार

टिकारामला आणलं. साहेबांना कारणही मिळालंय. धानाला तलावाचं पाणी सोडा म्हणून शेतकरी भांडतात, मासे मरतात म्हणून मासेमार ढिवर सोडू देत नाहीत. त्या वर्षी टिकाराम आणि कैलाश भर सभेत एकमेकांच्या अंगावर गेले होते. साऱ्या गावानं बघितलं होतं.

साहेब म्हणाले, "यंत्र सांगतंय म्हाताऱ्या. सहा नोव्हेंबरला तुझी बंदूक इथं उडवली, तीच खूण आली."

टिकारामनं मान वर केली. सहा नोव्हेंबर. त्या दिवशी बंदूक त्याच्या खांद्यावर होती हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. दोन शब्द बोलला असता तर सुटला असता. माझ्याकडे बघितलं त्यानं. रागानं नाही.

"उडवली असन साहेब," तो म्हणाला. "मले काय मालूम? बंदूक तं ठाण्यात जमा होती. बाईजवळ."

मी चहा आणायला म्हणून बाहेर गेले ती परत आत आले नाही.

५ डिसेंबर

पेपरात आलं. 'यंत्राने शोधला खुनी.' साहेबांचा फोटो. मागे माझा अर्धा चेहरा.

रुख्मा बाजाराचा दिवस नसताना आली. काही न बोलता माझे पाय धरले. "तुमी लिहून ठेवलं म्हणून लागलं, मॅडम." मी तिला उठवलं. तोंड फिरवलं. तिला वाटलं माझंही मन भरून आलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

टिकारामच्या घरून त्याची बंदूक जप्त करून आणली. मीच बांधली. कापडात गुंडाळून शिवली, गाठीगाठीवर लाख ओतून मोहोर उठवली. खरी सतरा नंबर आज पहिल्यांदा नागपूरला निघाली.

ती जुळणार नाही. म्हणजे टिकाराम सुटणार. अहवालाला दोन महिने लागतात. दोन महिने तर जातील... असं स्वतःला दिवसभर समजावलं. त्याची छाती कशी वाजते तेही दिवसभर कानात होतं. लॉकअपमध्ये एकच कांबळं मिळालंय त्याला. दुसरं मी दिलं. कांबळं दिलं! काय मोठं केलं.

८ डिसेंबर, रविवार

भाऊकडे गेले. खळ्यावर एकटा गाठला. सरळ विचारलं — कैलाश गेला त्या रात्री तुझी बंदूक कुठं होती?

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, "कुठं म्हणजे? ग्रामपंचायतीची निवडणूक नव्हती का तवा? तुह्याच ठाण्यात जमा होती. जाऊन पाय रजिस्टरात."

मी त्याला मिठी मारली. खळ्यावर, पलीकडे काम करणाऱ्या बायांच्या देखत. सायकल चालवत येताना गाणं म्हणत होते, इतकी मी वेडी.

९ डिसेंबर, सोमवार

जुनं रजिस्टर काढलं. आहे! चौदा नोव्हेंबरला जमा, चोवीस डिसेंबरला परत. भोजराज पटले, एकनळी. माझंच अक्षर, खाडाखोड नाही. कैलाश गेला सत्तावीसला. बंदूक मालखान्यात, किल्ली माझ्या कमरेला.

म्हणजे यंत्र चुकलं. यंत्रच चुकलं असणार. अशी किती यंत्रं बघितली — ठाण्यातला प्रिंटर पान गिळतो.

११ डिसेंबर

झोप नाही.

टिकारामच्या टोलीत त्या वर्षी निवडणूक नव्हती, म्हणून त्याची बंदूक घरी. भाऊची जमा. कागद सगळे भाऊच्या बाजूनं. पण माझ्या रजिस्टरात सहा नोव्हेंबरला सतरा नंबरही मालखान्यातच होती! आणि होती कुठं?

पहिल्यांदा दिली ती भाऊला. दोन रातींसाठी. कोणत्या निवडणुकीत?

आठवत नाही. की आठवायचं नाही? असल्या गोष्टी मी रजिस्टरात लिहीत नाही. इथं लिहिते. दोन वर्षांपूर्वीची हिरवी वही पलंगाखालच्या पेटीत आहे. पेटीवर गाद्या रचल्यात.

१५ डिसेंबर

पेटी उघडली नाही.

१८ डिसेंबर

गाद्या उतरवल्या. परत रचल्या.

२१ डिसेंबर, शनिवार

टिकारामला जेलमधून दवाखान्यात हलवलं. कैद्यासोबत आमच्या ठाण्याचा शिपाई होता, त्यानं सांगितलं. रात्री श्वास कोंडला. आता ऑक्सिजनवर आहे, पायात बेडी, बेडी खाटेला. शिपाई म्हणाला, "बुढ्ढा कुछ बोलताही नहीं. जामीन मांगने को भी तैयार नहीं."

अहवाल अजून आलेला नाही. अहवालाआधी माणूसच गेला तर? मग फाईल कायमची बंद. रुख्माला खुनी मिळाला, साहेबांना बक्षीस, भाऊ वाचला, मी वाचले. सगळ्यांचं भलं! हे लिहिताना माझीच मला किळस येतेय.

२६ डिसेंबर, गुरुवार

मंदाबाई आली होती. टिकारामची बायको. ठाण्यात नाही आली, क्वार्टरवर आली. नवरा बसला होता तिथंच, उंबऱ्यावर बसली. पाणी दिलं, घेतलं नाही.

म्हणाली, "बाई, मले सगळं मालूम आहे. सहा तारखेले बंदूक आमच्या घरी होती. मी सोता त्याले भाकर नेऊन देली बांधीत, बंदूक मांडीवर होती त्याच्या."

मीही खाली, तिच्यासमोर बसले.

"मी म्हणून राहिली त्याले, बोल बापा, काऊन नाई बोलत? तो म्हणते, बाईनं उपकार केला, आता तिचं नाव सांगू का? तिची नौकरी जाईन. तिले ना नवरा ना लेकरू, नौकरीच आहे." मंदाबाईनं पदरानं नाक पुसलं. "तो नाई बोलणार. मीबी नाई बोलणार, त्यानं सप्पत घातली मले. मी फकत इतकं इचारून राहिली — तुमी कायले नाई बोलत?"

उठून गेली. धान चुरायचं, मळायचं राहिलंय म्हणाली, कापलेल्या पेंढ्यांचे पुंजणे तसेच पडलेत, माणूस नाही घरी.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ डिसेंबर, शनिवार

पेटी उघडली.

हिरवी वही, सव्वीस नोव्हेंबरचं पान. जसं आहे तसं उतरवते, म्हणजे नंतर मला नाही म्हणता येणार नाही:

"भाऊ आला होता. डुकरं पुंजणे फोडतायत म्हणाला. नको नको म्हणत दिली, दोन रातींसाठी. परवा पहाटे आणून देतो म्हणाला. भाऊला नाही कसं म्हणू?"

आणि अठ्ठावीसचं: "भाऊनं बंदूक आणली. तापल्यासारखा दिसत होता. काल पाळीवर ढिवराचा खून झालाय, सगळं ठाणं तिकडेच, त्यामुळे कोणाला दिसलं नाही ते बरं झालं."

बरं झालं! माझंच अक्षर. दोन ओळी लागोपाठ लिहिल्या आणि दोन वर्षं जोडून वाचल्या नाहीत. यंत्रानं जोडल्या.

२९ डिसेंबर, रविवार

भाऊला पाळीवर बोलावलं. मुद्दाम पाळीवरच. वळसा न घालता आला. मी वही दाखवली. त्याला वाचावं लागलंच नाही, वही बघूनच खाली बसला.

"पोतं पांघरून बसला होता तो," भाऊ म्हणाला. "थंडी होती. झुडपाजवळ काळं दिसलं, हाललं. मले डुक्करच वाटलं, सुखवंता. बार टाकला. जखमी डुक्कर अंगावर येते म्हणून बंदूक मोडून उघडली, दुसरं काडतूस भरलं. पुंगळी तवाच पडली. मंग माणसाचा आवाज आला."

जिवंत होता तेव्हा? विचारलं मी. भाऊनं तोंड गुडघ्यात घातलं. बराच वेळ रडला. मीही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, मी दांडा की कुऱ्हाड तेच मला कळेना.

मग डोळे पुसून म्हणाला, "म्हातारा तं सुटतेच ना दोन महिन्यानं? यंत्रालेच बोलू दे. अठरावर आलं तं रजिस्टर दाखव. जमा होती म्हण. तुह्या रजिस्टरात खाडाखोड नाई, सारा जिल्हा जाणते." जरा थांबून: "ही वही कोणी पायली आहे का?"

नाही, म्हटलं. कोणी नाही.

"मंग जाऊ दे तिले चुलीत."

तो उठून पाळीवरूनच गेला, मागे न बघता. मी बघत राहिले. याच वाटेवर मी त्याच्या चाकामागे पळत होते.

३० डिसेंबर, सोमवार

मुद्देमाल, नग दोन. नग एक — रोजनिशी, हिरव्या पुठ्ठ्याची, दोन वर्षांपूर्वीची. नग दोन — ही. जमा करून घेणार: हवालदार सुखवंता बिसेन. कोणाकडून, त्या रकान्यातही तेच नाव लिहिलं.

साहेब अकराला येतात. लाख वितळली आहे. पाकीट शिवायचं तर आता लिहिणं थांबवावं लागेल.